कॅसिनोची इमारत विकली, की तिच्यावर कर्ज काढले?

प्रश्न : मी अभ्यासासाठी अमेरिकी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचते. एमजीएम रिसॉर्ट्स आणि सीझर्स एंटरटेनमेंट या दोन्ही कंपन्या आपल्या बहुतेक कॅसिनोंच्या वास्तू रीट कंपन्यांकडून, म्हणजे स्थावर मालमत्ता बाळगून तिचे भाडे भागधारकांना वाटणाऱ्या कंपन्यांकडून, भाड्याने घेऊन चालवतात. तरीही एमजीएमच्या पत्रकात हे भाडे खर्च म्हणून दिसते, तर सीझर्सच्या पत्रकात त्याचा मोठा भाग व्याजात गेलेला दिसतो. व्यवहार एकाच जातीचा असताना नोंदी इतक्या वेगळ्या का?
— वाणिज्य पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याशी भिडणारा आहे, म्हणून त्याला थोडी जास्त जागा देतो. कंपनी आपली वास्तू विकते, त्याच दिवशी ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने परत घेते आणि हाती मोठी रक्कम येते, इथपर्यंत सर्व व्यवहार सारखेच दिसतात. लेखापालाला मात्र एका प्रश्नाचा निकाल आधी लावावा लागतो : हाती आलेली रक्कम ही वास्तूची किंमत आहे, की वास्तू तारण ठेवून घेतलेले कर्ज आहे? खरेदीखत कोणाच्या नावावर झाले एवढ्यावर हे ठरत नाही. वास्तूवरचा ताबा, म्हणजे तिचा उपयोग आणि तिच्यातून मिळणारे लाभ आपल्या हाती ठेवण्याची सत्ता, खरोखर खरेदीदाराकडे गेली का, हे पाहावे लागते.

अमेरिकेतील एएससी ८४२ हे लेखामानक मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना २०१९ पासून लागू झाले. त्यानुसार परत घेतलेला भाडेपट्टा जर विक्रेत्याच्या दृष्टीने फायनान्स लीज ठरत असेल, तर मुळात विक्री झालीच नाही, म्हणजे विक्री फसली, असे मानले जाते. भाडेपट्ट्याची मुदत वास्तूच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग व्यापत असेल, किंवा सर्व भाड्याचे वर्तमान मूल्य, म्हणजे पुढे द्यायच्या भाड्याची व्याजदराने काढलेली आजची किंमत, वास्तूच्या वाजवी मूल्याच्या जवळपास सगळ्याइतके भरत असेल, तर तो भाडेपट्टा फायनान्स लीज ठरतो. यासाठी व्यवहारात अनुक्रमे ७५ टक्के आणि ९० टक्के या मर्यादा वापरल्या जातात. असा भाडेकरू आर्थिकदृष्ट्या मालकच राहिलेला असतो, आणि ज्याने मालकी सोडलेलीच नाही त्याने विक्रीचा नफा दाखवणे योग्य नाही, हा या नियमामागचा विचार मला पूर्णपणे पटतो.

आता कॅसिनोचा विशेष पाहा. कार्यालयाची जागा बदलता येते, पण कॅसिनोचा परवाना, त्याचे नाव आणि त्याचा ग्राहकवर्ग बहुधा त्या एका वास्तूशी बांधलेला असतो. त्यामुळे करारात मुदतवाढीचे पर्याय असतील, तर ते वापरले जातील हे वाजवी खात्रीने म्हणता येते का, हा प्रश्न येथे फार वजनदार ठरतो, कारण तशी खात्री असेल तर त्या वाढीव मुदती भाडेपट्ट्याच्या मुदतीत धराव्या लागतात. सीझर्सच्या जुन्या उपकंपनीच्या दिवाळखोरीतून ऑक्टोबर २०१७ मध्ये व्हिसी प्रॉपर्टीज ही रीट जन्माला आली, तेव्हाच्या भाडेपट्ट्यांची पहिली मुदत १५ वर्षांची होती आणि त्यापुढे पाच-पाच वर्षांच्या चार मुदतवाढी होत्या. पंधरा वर्षे आणि पस्तीस वर्षे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सीझर्स आपले हे व्यवहार फसलेली विक्री म्हणूनच नोंदवते, आणि तिच्या ताळेबंदात १२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम वित्तपुरवठ्याचे दायित्व म्हणून उभी आहे.

एमजीएमने नोव्हेंबर २०१९ मध्ये लास व्हेगासमधील बेलाजिओची स्थावर मालमत्ता ४.२५ अब्ज डॉलरांना ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीच्या रीटबरोबरच्या संयुक्त उपक्रमाला दिली. त्या उपक्रमात तिने ५ टक्के वाटा ठेवला आणि पहिल्या वर्षासाठी २४.५ कोटी डॉलर भाड्याने मालमत्ता परत घेतली. या करारात मूळ मुदत ३० वर्षांची असून पुढे दहा-दहा वर्षांच्या दोन मुदतवाढी आहेत. येथे ताबा गेला असे मानले गेले, विक्रीचा नफा त्याच वर्षी दाखवला गेला आणि भाडेपट्टा ऑपरेटिंग लीज, म्हणजे फायनान्स लीज नसलेला साधा भाडेपट्टा, ठरला. पहिल्या दहा वर्षांत भाडे दरवर्षी २ टक्क्यांनी वाढते, पण खर्च मुदतभर समान विभागून लिहायचा असल्याने सुरुवातीच्या वर्षांत नोंदवलेला खर्च प्रत्यक्ष दिलेल्या रोख भाड्यापेक्षा जास्त असतो.

एका काल्पनिक उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. वास्तूचे पुस्तकी मूल्य ४० कोटी डॉलर, विक्रीची किंमत आणि वाजवी मूल्य १०० कोटी, वार्षिक भाडे ६ कोटी, मुदत ३० वर्षे आणि व्याजदर ६ टक्के धरा. भाड्याचे वर्तमान मूल्य सुमारे ८२.६ कोटी येते, म्हणजे ९० टक्क्यांच्या आत. मुदतीच्या कसोटीसह इतर कसोट्याही पार झाल्या, तर अमेरिकी नियमाने ६० कोटींचा सगळा नफा लगेच दाखवता येतो. ताळेबंदात वापरहक्काची मालमत्ता आणि भाडेदायित्व दोन्ही ८२.६ कोटींनी येतात आणि दरवर्षी ६ कोटींचे भाडे खर्ची पडते. विक्री फसली असे ठरले, तर नफा शून्य. वास्तू ४० कोटींनाच पुस्तकात राहते, इमारतीचा घसारा चालूच राहतो आणि मिळालेले १०० कोटी दायित्व म्हणून उभे राहतात. भरलेले ६ कोटी मग भाडे नसून व्याज असते, आणि या आकड्यांत तर मुद्दलाचा एक डॉलरही फिटत नाही.

मग मुदतीच्या शेवटी त्या दायित्वाचे काय होते? विक्रेता ते रोखीने फेडत नाही. तो वास्तू सोडून जातो, तेव्हा तिचे उरलेले पुस्तकी मूल्य आणि उरलेले दायित्व एकत्र उतरवले जातात आणि मधला फरक त्या दिवशी नफा म्हणून दिसतो. यासाठीच मानक सांगते की व्याजदर असा निवडावा, की मुदतभर दायित्व फुगत जाणार नाही आणि अखेरीस वास्तूचे पुस्तकी मूल्य दायित्वापेक्षा जास्त उरणार नाही. पुस्तकी मूल्य जास्त उरले तर वास्तू सोडताना तोटा सोसावा लागेल, आणि तो आधीच्या वर्षांनी लपवलेला असेल.

अहवाल वाचताना सर्वांत जपून पाहण्याची जागा एबिटडा ही आहे. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा. म्हणून ज्या कंपनीचे भाडे व्याजात गेले आहे, तिचा एबिटडा भाडे न भरणाऱ्या कंपनीसारखा दिसतो. ज्या कंपनीचे भाडे खर्चात आहे तिचा एबिटडा भाडे भरून उरलेला असतो, आणि म्हणूनच एमजीएमसारख्या कंपन्या भाड्यापूर्वीचा एबिटडार वेगळा सांगतात. सीझर्सचा एबिटडा एमजीएमच्या भाडे वजा केलेल्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे. दोन्हींचे भाडे वजा करा किंवा दोन्हींचे मिळवा, आणि कर्जाचे गुणोत्तर काढतानाही तीच शिस्त पाळा. रोखप्रवाह पत्रकातही तोच भेद आहे. खऱ्या विक्रीची रक्कम गुंतवणूक प्रवाहात येते, तर फसलेल्या विक्रीची वित्तपुरवठ्याच्या प्रवाहात.

प्रश्न : विक्रेत्याने वास्तू परत विकत घेण्याचा हक्क करारात राखून ठेवला, तर काय होते? तो हक्क त्या दिवशीच्या बाजारभावाने वापरायचा असेल, तरीही विक्री फसते का?
— लेखापरीक्षणाच्या व्यवसायातील एक वाचक

उत्तर : बहुतेक वेळा फसते. असा पर्याय असूनही विक्री मान्य व्हायची, तर किंमत वापराच्या दिवशीचे वाजवी मूल्यच असावे लागते आणि शिवाय त्याच प्रकारची दुसरी मालमत्ता बाजारात सहज उपलब्ध असावी लागते. स्थावर मालमत्ता दुसरी अगदी तशीच मिळत नाही, मग एखाद्या विशिष्ट चौकातला कॅसिनो कुठून मिळणार? म्हणून दुसऱ्या अटीवर हे व्यवहार अडतात. खरेदीदाराने वास्तू तिसऱ्याला विकायची ठरवली, तरच त्या तिसऱ्याने देऊ केलेल्या किमतीला ती घेण्याची पहिली संधी विक्रेत्याला असणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात विकायचे की नाही हा निर्णय खरेदीदाराच्याच हाती राहतो आणि विक्री सहसा टिकते.

जमीन आणि इमारत वेगळी तपासायची हेही विसरू नये. जमिनीचे आयुष्य संपत नाही, त्यामुळे मुदतीच्या कसोटीत ती बसत नाही. पेन एंटरटेनमेंटने २०१३ मध्ये आपल्या वास्तू गेमिंग अँड लीझर प्रॉपर्टीज या वेगळ्या काढलेल्या कंपनीकडे दिल्या होत्या. २०१९ नंतरच्या तिच्या अहवालांत एकाच मास्टर लीजचे, म्हणजे अनेक वास्तूंच्या एकत्रित भाडेपट्ट्याचे, जमीन आणि इमारत हे घटक निरनिराळ्या वर्गांत गेलेले दिसतात.

आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकात फायनान्स लीजची ही अडचण भाडेकरूपुढे येत नाही, पण नफ्यावर लगाम आहे. विक्रेत्याने वापराचा जेवढा हक्क स्वतःकडे ठेवला, तेवढ्या भागाचा नफा त्याला दाखवता येत नाही. वरच्या उदाहरणात ६० कोटींऐवजी सुमारे १०.४ कोटीच दिसतील. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण पुढची ३० वर्षे जी वास्तू मीच वापरणार, तिचा सगळा नफा आज मिळाला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

प्रश्न : खरेदीदार रीटच्या पुस्तकात काय दिसते? भाडे वेळेवर येत असताना नफा वरखाली का होतो?
— एक गुंतवणूकदार वाचक

उत्तर : विक्री फसली, तर खरेदीदारही वास्तू आपली म्हणून नोंदवत नाही. दिलेली रक्कम तो येणे म्हणून दाखवतो. व्हिसीच्या ताळेबंदात म्हणूनच इमारतींऐवजी भाडेपट्ट्यांमधील गुंतवणूक दिसते, आणि तिच्यातील काही भाग वित्तपुरवठ्याचे येणे असा वेगळा असतो. अशा येण्यांवर २०२० पासून अपेक्षित पतहानीची, म्हणजे येणे बुडण्याच्या अंदाजाची, तरतूद पहिल्याच दिवशी करावी लागते आणि अंदाज बदलला की ती बदलते. करोनाच्या वर्षात कॅसिनो बंद असतानाही व्हिसीने सर्व भाडे वसूल केले होते, तरी तरतुदीचा भार नफ्यावर पडला. करासाठी मात्र तीच रक्कम भाडे मानली जाऊ शकते, आणि रीटला करपात्र उत्पन्नापैकी किमान ९० टक्के वाटावे लागत असल्याने लाभांशाची क्षमता त्या हिशेबावर आणि रोख भाड्यावर अवलंबून असते. म्हणून तिमाही नफ्याच्या आकड्याशेजारी ही तरतूद वेगळी काढून पाहावी आणि भाडेकरूच्या भाडे भरण्याच्या ताकदीकडे, म्हणजे त्याचा एबिटडार भाड्याच्या किती पट आहे याकडे, अधिक लक्ष द्यावे.