केनियाला चालेल, पण पेठला नको?

पत्र थोडक्यात : मुलगी १९ वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला सहा आठवडे केनियातल्या एका अनाथाश्रमात स्वयंसेवक म्हणून पाठवायचं आम्ही ठरवलं आहे. एजंट २ लाख ८० हजार मागतो; टूरिस्ट म्हणून गेलं तरी काम भागतं म्हणतो. या सर्टिफिकेटमुळे पुढे परदेशात प्रवेश आणि नोकरी सोपी जाईल. एन.एस.एस.च्या शिबिरानंतर ती दर शनिवारी पेठ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायला जाते म्हणत होती, पण एस.टी.ने एकटीला एवढ्या लांब पाठवणं आम्हाला पटलं नाही. परदेशाची तयारी कशी करावी? – एक वडील, सिडको, नाशिक

पत्रात तुमचं ठरलेलं आहे, एजंटचं म्हणणं आहे, खर्चाचा आकडा आहे. मुलीला काय वाटतं, एवढंच नाही. तिची एकच इच्छा तुम्ही लिहिलीत, पेठची, आणि तिला तुम्ही नकार दिलात. नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथे एकटी जाणं धोक्याचं, आणि अनोळखी देशात, एका एजंटच्या भरवशावर जाणं सुरक्षित? रागावू नका, पण ही मुलीची काळजी वाटत नाही. तिच्या नावावर एक परदेशवारी जमा व्हावी, ही तुमची हौस वाटते. मुलीला हे कळत नसेल, असं मानू नका.

आता तो सर्टिफिकेटचा समज. पैसे भरून मिळालेल्या सहा आठवड्यांच्या कागदावर कुणी नोकरी देत नाही, आणि प्रवेश देणारेही विचारतात की तुम्ही नेमकं काय केलंत, किती काळ केलंत. केनियात बिनपगारी कामालाही परवाना लागतो. टूरिस्ट म्हणून जाऊन 'सेवा' करताना पकडलं तर एजंट नाही, तुमची मुलगी अडचणीत येईल. त्याहून मोठी गोष्ट त्या आश्रमातल्या मुलांची आहे. जगभरात अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई-वडील, निदान एक तरी, हयात असतात. परदेशी पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून अनेक ठिकाणी मुलं आश्रमात ठेवली जातात. केनिया सरकारने २०१७ मध्येच नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. दर दीड महिन्याने नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. त्या लेकरांचं काय होत असेल? आपल्या घरातल्या मुलाच्या बाबतीत आपण हे चालवून घेतलं नसतं.

खरी सेवा हवी असेल तर सरळ वाटा आहेत. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये स्थापन झाला. १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी त्यात वेगळी सोय आहे, तो फी घेत नाही, उलट निर्वाहभत्ता आणि विमा देतो. जर्मनीत सामाजिक सेवेचं वर्ष करता येतं, खर्चाला थोडे पैसेही मिळतात, मात्र कामापुरती जर्मन यावी लागते. जिथे स्वयंसेवकाकडूनच लाखो रुपये मागतात, तिथे हिशोब मागा आणि तो मिळेपर्यंत दमडीही देऊ नका.

कागदांचं म्हणाल तर पासपोर्ट नाशिकमध्येच काढता येतो. केनियासाठी पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तो दाखला नसेल तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पण घर सोडायची तयारी यात नाही. अनोळखी गावात ताप आला तर दवाखाना शोधणं, महिन्याचे पैसे महिनाभर पुरवणं, स्वतःचं जेवण रांधणं, वरिष्ठ चुकीचं काम सांगत असेल तर त्याला तोंडावर नाही म्हणणं, ही तयारी. घरी तिने तुम्हाला कधी नाही म्हटलंय का? आणि म्हटलं तेव्हा तुम्ही ऐकलंत का? तिथे तिला नाही म्हणता येणार नसेल, तर केनियाच काय, मी तिला मुंबईलाही पाठवायला सांगणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा : एजंटला नकार कळवा. या शनिवारी तिला पेठला जाऊ द्या. पहिल्यांदा हवं तर सोबत जा, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, परतीच्या एस.टी.ची वेळ बघून ठेवा. पुढच्या वेळी एकटी जाऊ दे. वर्षभर ती टिकली, तर तिच्याजवळ सांगण्यासारखं काम असेल, आणि तिला परदेशी जायचं आहे की नाही हेही तिला कळलेलं असेल. तोवर परदेशाचा विषय घरात काढू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या. ती लिहील ते तुम्ही आधी वाचू नका.