भरपाईचा अर्ज वेगळा, परवानगीचा वेगळा

दादा, रानडुकरांनी दोन गुंठे भुईमूग एका रात्रीत उकरला, आता मारायची परवानगी मागू की कुंपणात करंट सोडू, असं विचारलंय तुम्ही. करंटचं आधी डोक्यातून काढा. डुक्कर राहतं बाजूला, पहाटे पाणी लावायला गेलेला शेजारी चिकटतो.

सातबारा वगैरे जोडालच. मी माती कुठे खाल्ली ते सांगतो. 2024 ची गोष्ट, पितृपक्ष संपत आलेला, आमच्या कोकणात भात पिवळं पडायला लागलेलं. मी शहाण्याने एकाच कागदावर लिहिलं, 'नुकसानभरपाई मिळावी व डुक्कर मारण्यास परवानगी मिळावी.' एका खेपेत दोन कामं! पंचनामा झाला, मंडळी चहा पिऊन गेली. परवानगीचं विचारायला वनखात्याच्या कचेरीत गेलो तर कारकून आवक रजिस्टरवर बोट फिरवत म्हणाला, "तुमचा विषय 'पीक नुकसान' आहे." खालचं कोणी वाचलंच नव्हतं. नवा अर्ज द्या, साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. असे तीन सोमवार. तोवर वरचा अख्खा कुणगा (भाताचा तुकडा) झोपला.

तेव्हा अर्ज दोन, आवक क्रमांक दोन, दोन्हींवर सही-शिक्क्याची पोच. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. भरपाईची तक्रार तीन दिवसांत गेलीच पाहिजे, आणि पंचनाम्याआधी शेत आवरू नका. परवानगी वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली मिळते. 2015 च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापुरता तो अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला दिला. गव्याला हे लागू नाही, तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. गट नंबर न चुकता घाला. "मारा हो, आम्ही बघतो" असं तोंडी सांगणाऱ्यावर अजिबात विसंबू नका. केस झाली की तो ओळख दाखवत नाही. आणि परवानगीने मारलेलं डुक्करसुद्धा सरकारी मालमत्ता, मटणाचे वाटे घालायचे नाहीत. (गावात हे कोणाला पटत नाही, मला माहीत आहे.)

मी वकील नाही, हा आमच्या तालुक्यातला अनुभव. तुमच्याकडचं रेंज ऑफिसात (वनपरिक्षेत्र कार्यालयात) विचारून घ्या.

बंदुकीचं राहिलंच. पीक संरक्षणाचा परवाना असला तरी निवडणूक कधी आहे ते बघून अर्ज करा. माझी परवानगी आली तेव्हा विधानसभेची आचारसंहिता लागली होती, आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा.