एएमएच (अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.८ आलंय, म्हणजे आता फक्त आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी) का? आणि अंडाशय स्वतःच पेप्टाइड बनवतं म्हणतात ते काय?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण माझाही आकडा ०.८ च होता, वय ३२. पुण्यातल्या एका क्लिनिकात दहा मिनिटांत "वेळ नाहीये तुमच्याकडे" म्हणून पॅकेजचा कागद पुढे सरकवला. सासऱ्यांचं कापडाचं दुकान, त्यामुळे आमच्याकडे सगळं दुकानाच्याच भाषेत चालतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आतेसासूबाई भरल्या घरात म्हणाल्या, "हिचा स्टॉक संपत आलाय म्हणे." नवरा स्वयंपाकघरात वाटीभर कैरीची डाळ घेऊन उभा होता, सगळं ऐकू जात होतं, पण तोंडातून शब्द नाही.

अहो, अंडाशय म्हणजे गोडाऊन नाही. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडून एफएसएच, म्हणजे अंडी वाढवणारं हार्मोन, येतं हे खरं, पण त्यातलं किती ऐकायचं हे अंडाशयातच ठरतं. तुम्ही विचारलेली पेप्टाइडं म्हणजे अंडाशयात बनणारे हे प्रथिनांचे निरोप: लहान फॉलिकल (अंडं ज्यात वाढतं त्या पिशव्या) एएमएच सोडतात आणि आजूबाजूच्यांना आवरून धरतात, इन्हिबिन बी उलट पिट्यूटरीला सांगतं की एफएसएच कमी कर, अ‍ॅक्टिव्हिन त्याच्या विरुद्ध ओढतं, फॉलिस्टॅटिन त्या अ‍ॅक्टिव्हिनला धरून ठेवतं, आणि खुद्द अंडं जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ सोडून भोवतीच्या पेशींना कामाला लावतं.

मला हे कळलं ते फलटणच्या मामामुळे, तो मेंढ्या पाळतो. तिथल्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं एक जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं, नारी सुवर्णा म्हणतात त्या जातीला. बदल फक्त बीएमपीचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरमध्ये, पण तेवढ्याने एकाच वेळी जास्त अंडी पिकतात आणि जुळी कोकरं होतात. मामा म्हणाला, "मेंढीला कळतं ते तुझ्या आतेसासूला कळंना."

तर एएमएच म्हणजे फक्त लहान फॉलिकलची हजेरी, अंड्याचा दर्जा त्यात दिसत नाही. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, आधी वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या साधारण ७५० बायकांचा अभ्यास झाला, त्यात एएमएच कमी असलेल्यांना आपोआप दिवस राहायचं प्रमाण कमी नव्हतं. हे त्या क्लिनिकमध्ये कोणी सांगितलं नाही. आणि हो, "अंडाशय तरुण करणारी" पेप्टाइडची इंजेक्शनं कोणी विकत असेल तर सरळ उठून घरी या.

आता हे वाचून वर्षभर थांबू नका बरं का. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टर गाठाच, वय हे एएमएचपेक्षा मोठं प्रकरण आहे. आणि आयव्हीएफ करायची वेळ आली तर कमी एएमएचला अंडी कमी मिळतात, तेवढं ते क्लिनिकवाले खरं बोलले होते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा कमी येऊ शकतो, तेही डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात आधी नवऱ्याची तपासणी करा. आम्ही डॉक्टर बदलले तेव्हा त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "यांचा रिपोर्ट?" दीड वर्षात कोणी केलीच नव्हती! शुक्राणूंचा काउंट खूपच कमी निघाला. मग इक्सी केलं, म्हणजे एकेका अंड्यात सुईने एकच शुक्राणू सोडतात ते, माझी तीनच अंडी मिळाली, त्यातली एक आता भिंतीवर रेघोट्या ओढत फिरते. आतेसासूबाई दर चैत्रात येतात, डाळ खातात, आणि त्यांच्या भाच्याच्या स्टॉकबद्दल आमच्याकडे अजून कोणी अवाक्षर काढलेलं नाही.