फोटोतला चौथा

चिऊ,

काल फ्रिजवर सोलापूरचा फोटो लावताना तू विचारलंस, "बाबा, आपल्यात हा बिस्कीट खाणारा मुलगा कोण?" मी घाईत "शेजारचा" म्हणून सुटलो. तेवढ्यानं तुझं समाधान झालं नव्हतं, म्हणून हे पत्र. एकटीला वाचायचा कंटाळा आला तर रविवारी मिळून वाचू.

तो चौथा आहे. तू, मी आणि आत्या अंगणात उभे राहिलो आणि आजी आतून ओरडली, "तिघांचा काढू नका रे!" तिघांचा फोटो काढला की मधल्याचं काही खरं नाही, असं जुनी माणसं मानतात. तीन तिगाडा, काम बिगाडा. लहानपणी आमच्या ताटात तीन पोळ्यासुद्धा पडत नसत, तिसरीबरोबर एक तुकडा यायचाच. मी हे काही मानत नाही. पण मधे तू उभी होतीस. मग दारात जो दिसला त्याला मीच हात धरून ओढला.

आता सगळ्या घराच्या मोठ्या फोटोचं. तो आदल्या संध्याकाळीच निघायचा होता, हे तुला आठवत असेल. हॉलमधली ट्यूब चेहऱ्यांवर हिरवट पडत होती, देवघरातला बल्ब पिवळा, दारातून येणारा उजेड निळसर. एकाच माणसाचा एक गाल आजारी आणि दुसरा हळद लागल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, ट्यूब बंद करा. आजीनं असं पाहिलं की बस्स. दिवेलागणीला घरातला दिवा मालवायचा? लक्ष्मी दारात येते ती अंधार बघून परत जाईल की! फोटो सकाळवर गेला. खरं सांगू, आजीमुळे फोटो वाचला. संध्याकाळी तो चांगला आलाच नसता.

सकाळी आठला ऊन कोवळं होतं. मी सगळ्यांना दाराकडे पाठ करून बसवलं आणि चौदा काळ्या सावल्या मिळाल्या. उजेड फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, माणसांच्या नाही, एवढी साधी गोष्ट मी दोन वेळा चुकलो. तोंडं फिरवली तर मागे फ्रिज, कॅलेंडर आणि वाळत घातलेला टॉवेल. आत्यानं ते झाकायला मोरांची जेकार्डची चादर खिळ्याला टांगली. सोलापुरी चादर म्हणजे काय वजनाची असते, तू पांघरली आहेस. खिळ्यासकट मोठ्या काकांच्या डोक्यावर आली. शेवटी फ्रिजच सरकवला.

मग बसण्याचा घोळ. तुला वाटलं असेल, कुणीही कुठेही बसलं तर काय बिघडतं? आपल्याकडे ज्येष्ठ माणसं मधे खुर्चीवर, सुना-मुलं मागे उभी, पोरं पुढे जमिनीवर. आजी आजोबांच्या डाव्या हाताला. आता समोरून बघणाऱ्याला त्यांची डावी बाजू उजवीकडे दिसते. त्यामुळे मी दोघांची जागा बदलली, आजीनं परत बदलली, आणि असं तीनदा झालं. त्यात काकू म्हणाल्या, मी मागेच बरी. आजी म्हणाली, पदर नीट घे आणि पुढे ये. आत्या एका कडेला होती. खोली लहान, म्हणून मी फोन जवळ धरला होता, आणि तिचा चेहरा कडेनं ताणला गेला. "हा पुसून टाक," म्हणाली. मी उंबरा ओलांडून अंगणात गेलो, थोडं झूम केलं, तेव्हा तिचं तोंड जागेवर आलं.

राहिले पणजोबा. "त्यांना सोडून कसला फोटो?" म्हणून आजीनं चंदनाचा हार घातलेली तसबीर मांडीवर घेतली. काचेत अख्खं दार चमकत होतं, पणजोबांच्या जागी पांढरा चौकोन. तेव्हा मी त्यांच्या पाठीशी वरच्या बाजूला काडेपेटी सरकवली. तसबीर किंचित पुढे झुकली, चमक खाली जमिनीवर गेली आणि ते दिसले. आजोबांच्या चष्म्यालाही हाच उपाय: हनुवटी जरा खाली.

पणजोबा हसत का नाहीत, असं तू तेव्हा विचारलं होतंस. तो फोटो स्टुडिओतला आहे. तेव्हाची फिल्म मंद असायची, घरात किंवा स्टुडिओत शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागे. हलू नका म्हटलं की श्वाससुद्धा रोखायचा. हसू तेवढा वेळ टिकत नाही, ओठ थरथरले की चेहरा पुसट. शिवाय एकेका फोटोचे पैसे मोजलेले, आणि वडीलधाऱ्यांसमोर दात दाखवायची पद्धत नव्हती. आपल्या फोटोत मात्र सगळे हसलेत, याला कारण शेजारच्या मावशी. चौदा माणसांत कुणी ना कुणी डोळे मिटतच होतं, मी "चीज, चीज" करून दमलो. मावशी तेलुगू. कुंपणावरून ओरडल्या, "नव्वंडी!" म्हणजे हसा. आजोबांना तेलुगू येतं, ते फिसकन हसले, आणि ते हसले म्हणून बाकीचे.

बिस्कीटवाला त्याच मावशींचा नातू. आजीनं कालच फोनवर सांगितलं: फोनातला फोटो भिंतीला टांगता येत नाही, मोठी प्रिंट पाठव. आणि त्या पोराचीही एक जास्तीची काढ, तो रोज येऊन विचारतो.

तुझा,
बाबा