वहीतला शेवटचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातून आलेली एकोणतीस वर्षांची ती विवाहिता (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) शाळकरी वही उघडून माझ्यासमोर बसली, तेव्हा तिच्या भावाचे डायलिसिस सुरू होऊन आठ महिने झाले होते. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. आईला मधुमेह असल्याने आणि वहिनीचा रक्तगट जुळत नसल्याने मूत्रपिंड देण्यासाठी सगळ्या घराची नजर आता हिच्याकडे वळली होती. वहीतले पहिले सात प्रश्न नवऱ्याच्या हस्ताक्षरातले होते आणि त्यांचा रोख एकच होता, की एक मूत्रपिंड दिल्यावर ही आयुष्यभर अधू तर होणार नाही ना.

याचे उत्तर मी अनेक दात्यांना दिले आहे. उरलेले मूत्रपिंड हळूहळू आपले काम वाढवते आणि दोन्ही मिळून आधी जेवढे काम करत होती, त्याच्या साधारण दोन तृतीयांश काम ते एकटे सांभाळते. बहुतेक दाते काही दिवसांत घरी जातात, दीड-दोन महिने जड वजन उचलत नाहीत आणि पुढे नेहमीचे आयुष्य जगतात. मात्र रक्तदाब व लघवीतील प्रथिने दरवर्षी तपासावी लागतात आणि दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेता येत नाहीत. तिला अजून मूल नव्हते, म्हणून गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका दात्या स्त्रीला काहीसा अधिक असतो, हेही मी सांगितले. घाबरवू नये म्हणून ही बाब गाळणारे असतात. मला ती दात्याची फसवणूक वाटते.

आठवा प्रश्न पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हस्ताक्षरात होता. तो तिने वाचला नाही. वही माझ्याकडे सरकवली. ‘नाही म्हटलं तर कोणाला कळेल का?’

नवऱ्याला मी आधीच बाहेर बसायला सांगितले होते, आणि ही केवळ माझी सवय नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखालील २०१४च्या नियमांत दाता स्त्री असेल तर विशेष खबरदारी घ्यावी आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खातरजमा रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे आई, बायको, बहीण यांनी द्यायचे हे न विचारताच ठरते, म्हणून ही तरतूद मला फार मोलाची वाटते. मी तिला सांगितले, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत तिला माघार घेता येते आणि तसे झाल्यास घरच्यांना ‘सध्या त्या दाता होऊ शकत नाहीत’ एवढेच कळवले जाते, कारण सांगितले जात नाही.

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, “दादानं मला अजून एकदाही विचारलं नाही, मॅडम. सगळे विचारतात, तोच नाही.”

दुसऱ्या भेटीत मी भावाला एकट्याला बोलावले. बहिणीचे काहीही न सांगता, दात्यांबद्दल त्याला काय वाटते एवढेच विचारले. तो म्हणाला, “तिला विचारलं तर ती नाही म्हणूच शकणार नाही, म्हणून विचारत नाही.” हे तिला स्वतः सांगाल का, असे मी विचारले, आणि त्याने त्याच आठवड्यात डायलिसिसच्या खाटेवरून सांगितले.

त्यानंतर तिने निर्णय घेतला, तो आधी मूल होऊ द्यायचा. घरच्यांना ठरल्याप्रमाणे तेवढेच कळवले गेले. घरातल्या दात्याचा रक्तगट रुग्णाशी जुळत नसेल, तर अशा दोन कुटुंबांना आपापसांत दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा त्याच कायद्यातील २०११च्या दुरुस्तीने दिलेली आहे. वहिनीला हे कोणी सांगितलेच नव्हते. तिने त्या नोंदणीसाठी सही केली, तेव्हा शेजारी नणंद बसली होती. वहीत तिने नवे पान काढले होते आणि त्यावर वहिनीचे प्रश्न लिहून घेत होती.