"हे बाहेरून आणलं ना यांनी?"

गेल्या पावसाळ्यात कोपरखैरण्याहून एक जोडपं आलं होतं (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत), लग्नाला दीड वर्ष. नवऱ्याच्या लघवीच्या जागी चार-पाच कोंब आलेले, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे, दुखत नाहीत खाजत नाहीत, आणि याने लाजेपायी कोणाला न विचारता मेडिकलमधून पायाच्या कुरुपाचं औषध आणून तिथे लावलं. कातडी सोलून लालभडक, बसता येईना तेव्हा बायकोला कळलं. ती खुर्चीत बसलीच नाही, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम एवढंच सांगा, हे बाहेरून आणलं ना यांनी?"

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो म्हणून लिहितेय. हे कोंब म्हणजे गुप्तांगावरच्या चामखिळी, एचपीव्ही नावाच्या व्हायरसच्या, बहुतेकदा त्याच्या 6 आणि 11 नंबरच्या प्रकारांमुळे, संबंधातून कातडीला कातडी लागून होतात. पण लागण झाल्यावर कोंब दिसायला आठवडे, महिने, कधीकधी वर्षंही जातात, आणि ज्याच्याकडून आलं त्याला स्वतःला एकही चामखीळ नसेल असंही होतं. मग ते लग्नाआधीचं असू शकतं, दोघांपैकी कोणाकडूनही आलेलं असू शकतं, कुठलीच टेस्ट ते सांगत नाही. मी तिला हेच सांगितलं, नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून नाही, खरंच कळत नाही म्हणून.

तेव्हा ती बसली. मग हळूच, "मला कॅन्सर होईल का?" कॅन्सरवाले एचपीव्हीचे प्रकार मुख्यतः 16 आणि 18, ते वेगळे. तरी तिलाही तपासून घ्यायला पाठवलं, आणि दोघांनाही एचआयव्ही, सिफिलिसची टेस्ट करायला सांगितली. सरकारी हॉस्पिटलच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या क्लिनिकमध्ये, हे मोफत होतं, कृपया लाजू नका.

त्याची जखम आधी भरू दिली. मग डॉक्टरांनी मोठे कोंब कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, जाळले आणि उरलेल्यांना इमिक्विमॉड क्रीम दिलं, आठवड्यातून तीन रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, 16 आठवड्यांपर्यंत. काहींना लिक्विड नायट्रोजनने गोठवूनही काढतात. दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, यातली काही औषधं तेव्हा चालत नाहीत. आणि कोंब गेले तरी व्हायरस कातडीत राहू शकतो, पहिल्या तीन महिन्यांत परत येणं अगदी कॉमन आहे, त्यावरून पुन्हा संशय घेऊ नका.

दोन महिन्यांनी तिचाच फोन, "मॅडम, एक परत दिसतोय, मी गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय, दोघंही जातोय."