कंट्रोल-पी दाबलं की लिनक्समधलं ॲप्लिकेशन गोठतं, काय करावं?

दोष बहुतेक वेळा ॲप्लिकेशनचा नसतो. ते कप्सच्या, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या सेवेच्या, उत्तराची वाट बघत अडकलेलं असतं. त्यामुळे लिब्रेऑफिससारखं ॲप्लिकेशन काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. आधी टर्मिनलमध्ये ‘एलपीस्टॅट -टी’ (lpstat -t) ही प्रिंटरची स्थिती दाखवणारी कमांड चालवा. तीही तशीच लटकली, तर गोंधळ कप्सकडेच आहे. ती लगेच उत्तर देत असेल, तर दुसऱ्या एखाद्या ॲप्लिकेशनमधून प्रिंट देऊन बघा.

माझ्याकडे यादीत एक जुना नेटवर्क प्रिंटर राहून गेला होता. तो कधीच बंद झालेला, पण प्रिंटची खिडकी दर वेळी त्याला शोधत बसायची आणि मागचं डॉक्युमेंट राखाडी पडायचं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरचा, ६३१ नंबरचा पोर्ट (localhost:631) उघडला, कप्सच्या पानावरून तो प्रिंटर काढला आणि खिडकी पटकन उघडायला लागली.

तरीही अडकत असेल तर ‘ईटीसी’खालच्या ‘कप्स’ फोल्डरमधली ‘क्लायंट डॉट कॉन्फ’ फाइल बघा. तिथे ‘सर्व्हरनेम’पुढे बंद पडलेल्या सर्व्हरचं नाव असेल, तर ती ओळ काढा. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी ‘कप्स-ब्राउज्ड’ सेवाही थोडा वेळ थांबवून पाहा. आणि हो, डॉक्युमेंट आधी सेव्ह करा, मगच कंट्रोल-पी दाबा.